दोन कंपन्यांची बैठक आणि मी

गोडादरा, सुरत
शुक्रवार

तीर्थस्वरूप मामांस,

जावई भिकनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींची शुगर ताब्यात असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

गेल्या रविवारी रूपालीला न्यायला अमळनेरला येणार होतो आणि आलो नाही. आता तिचा निरोप आहे की या रविवारीही आला नाहीत तर पुन्हा येऊच नका. तिचा राग खोटा नाही, मामा. पण मी कुठे मजा मारत नव्हतो, भेस्तानला मिलच्या सर्व्हरपुढे बसलो होतो. (सर्व्हर म्हणजे मिलचा मोठा कॉम्प्युटर. तो झोपला की कोणाचं कापड कुठल्या रंगात बुडवायचं हे कोणालाच कळत नाही, आणि शेठ मला सोडून सगळ्यांना जेवायला पाठवतात.)

झालं असं, की सर्व्हरची सिस्टिम एका कंपनीची, सपोर्टही तिचाच. डिस्कचं कार्ड मात्र शेठच्या साडूंनी, हितेशभाईंनी, ओळखीत आणलेलं. ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, भलत्याच कंपनीचा, आणि तो जाऊन बसतो थेट कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात. शनिवारी कर्नल अपडेट केला आणि सर्व्हर आडवा. सपोर्टवाल्या बाई फार गोड बोलल्या. बाहेरचा ड्रायव्हर आमच्या जबाबदारीत नाही, तो काढा, बिघाड पुन्हा करून दाखवा, मग बघू. आता तो काढला तर डिस्कच दिसत नाही, बिघाड काय माझ्या कपाळावर दाखवू? कार्डवाले म्हणाले, नव्या कर्नलवर चालेल असं आम्ही कधी म्हटलं? (तुमच्या चक्कीच्या मोटारीचं वाइंडिंग बाहेरून केलं तेव्हा कंपनीनं हात वर केले होते ना, तसंच हे.) आणि कंपनीला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही शेठची ताकीद.

मग मला आपली रीत आठवली. नवराबायकोचं बिनसलं की दोन्हीकडची मंडळी एका सतरंजीवर बसवतात, तशा मी दोन्ही कंपन्या एका फोनवर बसवल्या. आधी सगळ्यांची तब्येत विचारली. तासभर ते एकमेकांना सर-सर करत भांडले आणि मग एकदम त्यांचं जमलं. कार्ड लावणारा मी, अपडेट करणारा मी, म्हणजे चूक माझी. एकमेकांचे आभार मानून त्यांनी फोन ठेवले. शेठ शेजारीच उभे. म्हणाले, "भिकनभाई, बे कंपनी खोटी ना होय." (म्हणजे, दोन-दोन कंपन्या चुकीच्या कशा असतील?)

रविवारी संध्याकाळी मीच जुना कर्नल लावून सर्व्हर उठवला. (आता बाई म्हणतात, जुन्या कर्नलला सपोर्ट नाही.) तोवर अमळनेरची गाडी केव्हाच गेली होती. थकलो मामा. कुलूप उघडून आत आलो की घर खायला उठतं. रूपालीशिवाय करमत नाही, हे तिला सांगायला जमत नाही म्हणून तुम्हाला लिहितोय.

मामींना नमस्कार.

आपला,
भिकन

ता.क. रविवारी तुम्ही आमच्यासाठी दोन्हीकडच्या मंडळींची बैठक बोलावताय असं कळलं. हात जोडतो, बोलावू नका. दोन्ही बाजूंचं एकमत कशावर होतं ते मी पाहिलंय.

ता.क. २ (शनिवारी रात्री). आत्ताच शेठचा फोन आला. सर्व्हर परत आडवा, रविवारी या म्हणाले. मी नाही म्हणालो. पत्र टपालात टाकत नाही, स्वतःच घेऊन उधन्याला गाडी पकडतोय. दार तेवढं तुम्ही उघडा. रूपालीनं उघडलं, तर हे वाचायच्या आत लावून घेईल.