पायाचा कडता

५ ऑगस्ट
आजपासून नट फिरवायचा. ट्रॅक्टरखाली आलेला डावा पाय जुळला, पण चार सेंटिमीटर आखूड जुळला. म्हणून अकोल्याच्या डॉक्टरांनी हाड कापून बाहेरून रिंगा बसवल्या. रोज चार वेळा पाव पाव आटा फिरवला की फट मिलिमीटरभर वाढते आणि तिच्यात नवं हाड धरतं, असं त्यांचं म्हणणं. पाना त्यांनी माझ्या बायकोच्या, रेणुकाच्या हातात दिला. का? नांदुऱ्याच्या मार्केटात मापारी मी आहे, ती नाही.

९ ऑगस्ट
गोपाल भेटायला आला. सध्या काट्यावर माझ्या जागी तोच उभा असतो. म्हणाला, दादा, आराम करा, घाई करू नोका. सोबत केळी. फुकट केळी आणणाऱ्यांपैकी तो नाही. निश्चय: तुरीच्या हंगामाला मी माझ्या पायांवर काट्यापाशी उभा. नाहीतर तोच कायम होणार.

२० ऑगस्ट, दुपारी
तपासणी. एक्स-रेत फटीमध्ये धुकं दिसतं, तेच नवं हाड, म्हणे. पुढे हाडाच्या चारपैकी तीन बाजूंना पक्की रेघ आली की रिंगा काढणार. सगळं नीट झालं तर संक्रांतीपर्यंत. मी फोटो खिडकीशी धरला. मला धुकंसुद्धा दिसलं नाही. फोटो माझाच कशावरून?
पाय किती भार घेतो ते बघायला वजनकाट्यावर उभं केलं. काटा शून्यावर नव्हता. दाखवून दिलं. डॉक्टर नुसतं बरं म्हणाले.

२१ ऑगस्ट
आमच्या बाजारात पोत्यामागे कडता कापतात. ओल, माती, काडीकचरा धरून थोडं वजन वजा. सांगतात एक, हाती पडतं कमी. मग पायातच पुरं माप कोण देणार? नटात ढिलाई असणार, शिवाय रेणुकाचा हात हलका. विचारलं तर म्हणाली, बरोबरच फिरवते बापा, तुमाले काऊन भरवसा नाही? एवढी चिडली म्हणजे नक्की कमी फिरवते.
उपाय: ती स्वयंपाकघरात गेली की तिच्या प्रत्येक पाव आट्यामागे माझा एक पाव. कडता भरून निघेल.

२ सप्टेंबर, पोळा
उद्या अकोल्याला जायचं होतं. रद्द. दर पंधरवड्याला बोलावतात म्हणजे त्यांचाच काहीतरी फायदा. पोटरी ओढते, बोटं आत वळतात. रेणुका रोज पोटरीला चोळते त्या तेलाचाच परिणाम. कुठलं तेल आहे तेही धड सांगत नाही.

४ सप्टेंबर
टेप लावला. दोन्ही पाय सारखे! तरी माझे आटे चालू ठेवतो. टेप शेजारच्या शिंप्याचा आहे. त्याने शिवलेल्या पँटी मी घातल्या आहेत.

१२ सप्टेंबर
रात्रभर पाय ठणकला. सकाळी रेणुकाने काही ऐकलं नाही, गाडी करून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. फट रिकामी. हाड धरायच्या आतच ओढलं गेलं. पाय उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब झालाय. आता नट उलटा फिरवायचा. रिंगा उन्हाळ्यापर्यंत, आणि तरी धरलं नाही तर पुन्हा ऑपरेशन.
तूर गोपालच मोजणार.
डॉक्टर रेणुकावर ओरडले. बाई, किती फिरवत होतात? ती रडायला लागली. म्हणाली, तुमी सांगतलं तेवढंच फिरवलं जी, देवाशपथ. मी आधी पंख्याकडे बघत होतो. मग सांगितलं, की हिचं माप कमी पडतं असं धरून मी वरून फिरवत होतो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रेणुकाने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.
घरी आल्यावर रेणुका पाय पुढे घ्या म्हणाली आणि नट उलटा फिरवला. किती फिरवला ते मी पाहिलं नाही.