पंधरावा स्विच

शनिवार, ४ मार्च. सकाळी १०.
बायको केक करायला तिच्या ताईकडे गेली. तीन वर्षे दर शनिवारी हेच. ओव्हन आमच्याकडेही आहे, तिच्या वाढदिवसाला मीच दिलेला. पण तो लावला की फ्यूज उडतो. म्हणून त्याच्यावर टेबलक्लॉथ आणि टेबलक्लॉथवर जुनी वर्तमानपत्रे. ताईच्या घरी विजेचे नवे पॅनेल बसवले आहे, तिथे सगळे चालते. आमचा साडू स्वतः क्रीम फेटून देतो म्हणे. मला त्याचे काही वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिले.

सायंकाळी ७.
आली. भाऊजींकडे ओव्हन, गीझर, इस्त्री एकदम लावा, दिवा जरासुद्धा मिणमिणत नाही, असे दोनदा सांगितले. मी विचारले, दिवा मिणमिणत नाही यात भाऊजींचे काय कर्तृत्व? ती म्हणाली, आपल्याकडे मिणमिणतो त्यात कुणाचे आहे?
निर्धार: १८ तारखेच्या आत नवे पॅनेल. तो शनिवार ती याच घरात काढेल. परक्या विजेवर भाजलेला केक हा गुलामीचा केक आहे!

रविवार, ५ मार्च.
जुना बोर्ड नीट पाहिला. लाकडी फळी, चिनी मातीचे दोन फ्यूज, पॅसेजच्या दारावर छताला लागून. बावीस वर्षे यात तार मीच घातली. घरभर अंधार, सगळ्यांचे श्वास रोखलेले, मी स्टुलावर, बायकोच्या हातात टॉर्च. दिवे आले की मुलगी टाळ्या वाजवायची. साडूला हे सुख माहीत नाही. असो. भावनेच्या आहारी जायचे नाही.

बुधवार, ८ मार्च.
वायरमन आला. स्टुलावर चढून त्याने बोर्डाचा वास घेतला. मग म्हणाला, साहेब, हे अजून पेटले कसे नाही? मला शिकवू पाहत होता. आधी खोलीखोलीची यादी करा, कुठे काय चालते ते लिहा, किचनची वायर बदलू, अर्थिंग नवे करू. मी विचारले, पॅनेलमध्ये स्विच किती? म्हणाला, एवढ्या घराला आठ खूप झाले. साडूकडे चौदा आहेत. मी म्हणालो, पंधरा. तो म्हणाला, कशाला? मी त्याला दूरदृष्टी या विषयावर दहा मिनिटे सांगितले. मध्येच तो टेप आणायला म्हणून खाली गेला, तो चहा पिऊनच वर आला.

शनिवार, ११ मार्च.
मैदा उचलायच्या निमित्ताने बायकोबरोबर साडूकडे गेलो. हात धुण्याच्या बहाण्याने त्याचे पॅनेल उघडले आणि फोटो काढला. प्रत्येक स्विचखाली छापील पट्टी! नेमका साडू मागून आला. म्हणाला, काय साडूभाऊ, टॉवेल त्यात नसतो, बाहेर खुंटीला आहे. सगळे हसले. सगळ्यात जास्त कोण हसले ते लिहीत नाही. तिच्या गालाला मैदा लागला होता.

सोमवार, १३ मार्च.
वायरमनला फोटो पाठवला. हाच क्रम, ह्याच पट्ट्या, वर एक स्विच जास्त. त्याने फोन केला: पण तुमच्या खोल्यांची यादी? मी ठणकावले, सगळे फोटोत आहे. तो म्हणाला, बरं, घर तुमचं आहे. हे वाक्य मला आवडले.

गुरुवार, १६ मार्च.
बसले! छातीच्या उंचीवर, पांढरेशुभ्र, पंधरा स्विच. साडूचे घर आणि आमचे घर यांत थोडा फरक असल्यामुळे वायरमनने जमवून घेतले आहे. आमची बेडरूम ‘वरचा मजला’ या स्विचवर आली. बाथरूमचा दिवा ‘कारंजे’वर. बायकोने पट्ट्या वाचल्या आणि विचारले, जिना कुठे ठेवलाय? मी म्हणालो, विचाराधीन आहे. पंधराव्याची पट्टी मी सुचवली: ‘राखीव’.
वायरमनने विचारले, जुना बोर्ड टाकून देऊ? म्हणालो, खुशाल. तो गेल्यावर कचऱ्यातून उचलून आणला, कपाटात ठेवला. लाकूड चांगले आहे.

शनिवार, १८ मार्च. दुपारी २.
बायको घरी! वर्तमानपत्रे हटली, ओव्हन सुरू, दिवा स्थिर. मी शेजारी उभा राहून पाहिले. ती म्हणाली, उजेड अडतोय, सरका. साडू आणि मेव्हणी चारला येणार. त्यांच्यादेखत किचनमध्येच इस्त्री आणि हीटर एकदम लावून दाखवायचे ठरवले आहे. आधी रंगीत तालीम करून घेतो.

सायंकाळी ६.
तालमीत पॅनेलवरचा किचनचा स्विच आपोआप खाली पडला. एक स्विच, बस. पण बावीस वर्षांची सवय. मी धावत जाऊन मेन बंद केला, स्टूल आणले, त्यावर चढलो, तेव्हा पॅनेल गुडघ्यांपाशी आले. मग फ्यूजची तार शोधायला कपाटाकडे. तोवर ओव्हन गार पडत होता. बायकोने साडूला फोन लावला. तो वाटेतच होता. गाडीतून म्हणाला, मेन वर करा, मग डावीकडून दुसरा. त्याचे पाठ आहे, कारण पॅनेल त्याचेच आहे. दिवे आले. केक मधोमध बसला होता.
साडूने दोन तुकडे खाल्ले. खड्ड्यात क्रीम जास्त मावतं, म्हणाला. या माणसाला कशाचाच राग कसा येत नाही?

शनिवार, २५ मार्च. सायंकाळी ७.
निर्धार पूर्ण झाला. बायको आता दर शनिवारी घरीच केक करणार. साडूही दर शनिवारी येणार. भाऊजींसारखं क्रीम कुणाला फेटता येत नाही, म्हणून. आत्ता तो माझ्या किचनमध्ये, माझ्या ओव्हनशेजारी, माझा ॲप्रन घालून उभा आहे. मी बेडरूममध्ये, म्हणजे वरच्या मजल्यावर.
एक योजना आहे. दिवे गेल्याशिवाय माणसाची किंमत कळत नाही. इथेच इस्त्री, हीटर आणि केस वाळवायचे यंत्र एकदम लावतो. स्टूल आणि टॉर्च तयार आहेत.

७.२०.
गेले. फक्त या खोलीतले. किचनमध्ये लख्ख उजेड, हशा चालूच. टॉर्च मीच धरून लिहितो आहे. हाकेची वाट पाहतो.

७.४०.
बायको मला केक खायला बोलवायला आली, अंधार पाहून परत फिरली. पॅनेलचे दार वाजले. एकदाच टक् झाले. तिकडूनच तिने विचारले, वरचा मजला, आला का दिवा? मी म्हणालो, आला.
नंतर जाऊन पाहिले. स्विचवर मैद्याचे एक बोट उमटले आहे. पुसले नाही. पंधरावा स्विच कशालाच जोडलेला नाही. तो मी खाली केला, परत वर केला. उत्तम चालतो.