उजव्या बाजूच्या फळ्या

तीर्थरूप काका,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बरी नसती तर कुणीतरी कळवलं असतं. आणि नसतं कळवलं तरी आम्हाला तक्रार करायला तोंड नाही, आम्ही तरी नऊ वर्षांत तुम्हाला काय कळवलंय. काकूंच्या गुडघ्याची आणि तुमच्या खोकल्याची चौकशी करते (दोन्ही अजून असतील तर). मी तुमची पुतणी. होड्यांच्या कारखान्यात सारखी पायात यायची म्हणून तुम्ही जिला ढलपी म्हणायचात, ती. ढलपी आता सव्वीस वर्षांची झालीय, तिच्याकडे पदवी आहे आणि डाव्या अंगठ्याला नख नाही. नखाची हकिकत पुढे येईल. (नाही आली तर समजून घ्या, हातोडी होती.)

पत्राचं कारण साधं आहे. तुमचा लाकूड तासायचा वाकस थोडे दिवस हवा होता. बाबांचा वाकस त्यांच्या हाताला लागेल म्हणून आईनं लपवून ठेवला आणि कुठे लपवला ते ती विसरली. घरात विसरायचं काम खरं तर एकाच माणसाकडे दिलं होतं.

तो माणूस म्हणजे बाबा. गेल्या वर्षी सुरुवात झाली. आधी किल्ल्या, मग वार, मग न्हाणीघराचं दार. परवा त्यांनी आईला अगदी अदबीनं विचारलं, तुम्ही इथे किती दिवस कामाला आहात. आई म्हणाली, बत्तीस वर्षं, आणि सुट्टी एकही नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिनं नळ नुसताच चालू ठेवला.

डॉक्टर म्हणाले, हातांना येतं ते काम द्या, डोकं विसरलं तरी हात उशिरा विसरतात. म्हणून मी लाकूड आणलं. चौदा फुटी, एका शिडाची, तुम्ही दोघं बांधायचात तसली होडी करायची ठरवलं. काका, बाबांनी बारा दिवसांत बुडाचा ओंडका बसवला आणि सगळ्या बरगड्या उभ्या केल्या. टेप हातात न घेता. मग डाव्या बाजूची पहिली फळी लावली, रंधा खाली ठेवला, आणि स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बसून. तिसऱ्या दिवशी बसून. मी विचारलं, का थांबलात, तर म्हणाले, तिकडची लागू दे. एक फळी डावीकडे दादाची, एक उजवीकडे धाकट्याची, म्हणजे तुमची, आणि तिकडची लागल्याशिवाय इकडची पुढची लावायची नाही, नाहीतर सांगाडा एका अंगाला ओढला जातो. (हे मी तुम्हाला सांगतेय, कमाल आहे. पण मला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड आहे, कॉलेजात याला शैली म्हणायचे.) एकोणीस दिवस ते दाराकडे बघत बसले. विसाव्या दिवशी मी बाबांची जुनी पँट चढवली, भोकं पाडायचं गिरमिट घेतलं आणि उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"उशीर केलास, धाकट्या," ते म्हणाले.

"बस उशिरा आली," मी म्हणाले.

तेव्हापासून मी तुम्ही आहे. आईला हे पटत नाही. ती म्हणते, जिवंत माणसाचं सोंग घेऊ नये, त्याला उचक्या लागतात. लागत असतील तर माफी असावी, सकाळी साडेनऊ ते दुपारी एक, रविवार सोडून.

सोंग जमलं, काम नाही जमलं. फळीला वाफ देऊन ती गरम असतानाच वाकवायची असते हे मला माहीत होतं. वाकवायला जेमतेम दोन मिनिटं मिळतात हे माहीत नव्हतं. वाफेचा पत्र्याचा नळ आईनं अंगणात ठेवू दिला नाही, म्हणून तो गच्चीवर. पहिली फळी जाड हातमोजे घालून खांद्यावर घेतली आणि जिन्यावरून पळत सुटले, तर वळणावर समोर शेजारचा न्हावी. तो धुराची तक्रार घेऊन वर येत होता आणि सभ्य माणूस असल्यामुळे आधी सगळ्यांची खुशाली विचारत होता. मी फळीचं एक टोक कठड्यावर दाबून धरलं आणि उत्तरं देत राहिले. त्याचं समाधान झालं तोवर फळीचंही झालं होतं. ती आता जिन्याच्या वळणाला इतकी चपखल बसते की आईनं ती तिथेच ठोकून घेतलीय, हात धरायला. बाबा उतरताना तिच्यावरून हात फिरवतात आणि विचारतात, हे कुणाचं काम आहे, छान आहे.

दुसरी फळी चिरली. तिसरी बसली. मग जमत गेलं, म्हणजे मला तसं वाटत गेलं. बाबांची एक, माझी एक. मध्ये कापूस आणि राळ भरायची, आणि त्यांचं बोलणं ऐकायचं. ते त्या वेळी अगदी शहाण्यासारखं बोलतात. लाकूड ओलं आहे म्हणतात, आणि ते ओलं असतं.

गेल्या शनिवारी होडी हातगाडीवर घालून धक्क्यावर नेली. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. आम्ही दोघं बसलो, न्हाव्यानं दोर सोडला, मी वल्ही मारली, आणि होडी उजवीकडे वळली. मग पुन्हा उजवीकडे. काका, माझ्या बाजूला पोट सुटलंय. त्यामुळे ती पुढे जातच नाही, स्वतःभोवती फिरते. धक्का, मासळीवाले, न्हावी, मग पुन्हा धक्का. शीड सोडलं तर तेच जरा जोरात. न्हाव्यानं एक डोळा मिटून समोरून नीट बघितलं आणि काठावरून निकाल दिला, "भांग वाकडा पडलाय." सगळे हसले, मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या बाजूच्या फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "तुला बरं नाहीये का रे, धाकट्या?"

तुमचं काम कधी वाकडं नसायचं, एवढं त्यांना पक्कं आठवतं.

तर आता माझी बाजू उसवलीय. होडी कारखान्यात अर्धी उघडी उभी आहे, बाबा स्टुलावर आहेत, आणि माझ्याच्यानं परत होईल असं वाटत नाही. तरी वाकस पाठवून द्यावा ही विनंती. काम झालं की धार लावून परत करीन. काकूंना नमस्कार.

तुमची,
ढलपी

ता. क. वाकस पाठवू नका. आमचा सापडला, गाद्यांच्या खाली होता. आणि सापडला नसता तरी काय, मला तो नीट धरताही येत नाही.

ता. क. दुसरा. हा मुळात वर लिहायला हवा होता, पण आई पाठीमागून वाचत होती. ती आता झोपलीय. नऊ वर्षांपूर्वी तो नावाडी भिजलेली गादी घेऊन भांडायला आला, तुम्ही दोघांनी बांधलेल्या होडीत पाणी येतं म्हणून, तेव्हा बाबा जागेवरून न उठता सगळ्यांसमोर म्हणाले, "उजवी बाजू असेल." तुम्ही हत्यारं गोळा केलीत आणि त्याच संध्याकाळी गेलात. एवढंच मला माहीत होतं. पुढचं मला बाबांनी सांगितलंय, म्हणजे तुम्हाला सांगितलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती होडी उलटी करून पाहिली. उजवी बाजू कोरडी होती. डावीकडे खिळ्यासाठी भोक पाडून ते चहाला उठले होते आणि खिळा मारायचा राहिला होता. वरून राळ बसली म्हणून कुणाला दिसलं नाही. त्यांनी भोक बुजवलं आणि कुणालाच बोलले नाहीत.

हे ते मला रोज सांगतात. सांगितल्याचं विसरतात, म्हणून पुन्हा सांगतात. दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मी तुमच्या वतीनं त्यांना माफ केलंय. न विचारता. पहिल्यांदा मी "जाऊ दे रे दादा" म्हणाले, मग ते रोजचंच झालं. होडी नेली त्याच्या आधीच्या मंगळवारी माझी फळी बसत नव्हती आणि मी वैतागले होते, तर म्हणून गेले, नाही करत माफ. बाबा उठून माझ्या बाजूला आले, खाली बसले, आणि उजव्या बाजूचं एकेक भोक बोटानं चाचपत गेले, सगळ्यांत खिळे आहेत ना ते बघत. दोन तास. मी त्यांना उठवू शकले नाही.

तुमचं खरं उत्तर काय असेल ते मला माहीत नाही. तुम्ही माफ करायलाच हवं असंही काही नाही. पण उत्तर तुमचं आहे आणि देतेय मी, हे मला आता झेपत नाही. डॉक्टर म्हणतात, हेही ते विसरतील, दिवाळखोराच्या दुकानासारखं एकेक फळी रिकामी होत जाईल. मग तुम्ही आलात तरी तुमच्याकडे मागायला त्यांच्याजवळ काही उरणार नाही.

पहिल्या बसनं या. दुपारनंतर त्यांना मीही आठवत नाही आणि तुम्हीही नाही. सकाळी ते भोक आठवतं.