कुशीला लावलेला टॉवेल

६ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. हेतू एकच, स्वतःवर नजर ठेवणे. आपण प्रामाणिक आहोत असं वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, हे मी जाणतो. (वाक्य चांगलं जमलं.)

आज संस्थेत डुकराच्या आठ पिल्लांपैकी पाचांच्या कण्यात स्क्रू बसवले. शस्त्रक्रिया सहकारी लोरांतने केली, मोजमापं मी घ्यायची. स्क्रू फक्त डाव्या बाजूला. वाढत्या मणक्यातल्या कूर्चेतून स्क्रू गेला की त्या बाजूचं हाड वाढायचं थांबतं का, हा प्रश्न. थांबलं तर कणा वाकणार. वाकड्या पाठीच्या लहान मुलांना असे स्क्रू कोणत्या वयात लावावेत, हे बुडापेस्टच्या सर्जन लोकांना आमच्याकडून हवंय.

आमच्या प्रमुख प्रोफेसर ओत्तिलियाबाईंचा नियम: पिल्लांना नावं द्यायची नाहीत. जूनमध्ये ज्यांचे कणे वाकलेले असतील त्यांना कायमची भूल, मग हाडांची तपासणी. सरळ राहतील ती हिवाळ्यापर्यंत मागच्या कुरणात. नियम योग्य आहे. मी तर नंबरसुद्धा कमीच उच्चारणार.

९ मार्च
सहा नंबरच्या मादीने माझा बूट चावला. कानावर तपकिरी ठिपका. लिहिलं एवढ्यासाठीच की वर्तन हाही डेटा असतो.

१४ मार्च
सहा नंबरला सफरचंद दिलं. तपासताना प्राणी शांत हवा. मग बाकीच्यांवर अन्याय नको म्हणून सगळ्यांना दिलं. सहा नंबरला दोन गेली, कारण तिच्यापासून सुरुवात केली होती आणि शेवट करायलाही तिथेच परत आलो.

२७ मार्च
पहिले एक्स-रे. मोठा पेच. कोणाला स्क्रू आहेत हे माहीत नसताना कण्याच्या वाकाचा कोन मोजायचा, तरच मोजणी निष्पक्ष. पण स्क्रू एक्स-रेत पांढरेशुभ्र चमकतात. उपाय काढला. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक स्क्रूवर चिकटपट्टी लावली. लोरांतने विचारलं, कोणाला लागलं?

रात्री लक्षात आलं की चिकटपट्ट्या फक्त स्क्रूवाल्यांनाच आहेत. संकल्प: यापुढे चिकटपट्ट्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

९ एप्रिल, ईस्टर
सासुरवाडीला. सासऱ्यांनी, गाश्पारबाबांनी, स्वतः धुरी देऊन केलेला डुकराचा हॅम कापला. मी म्हटलं पोट ठीक नाही. ते म्हणाले, जावईबापू, तुमचं पोट मार्चपासूनच बिघडलंय असं ऐकतो. बायकोने, एमेशेने, भर टेबलावर सांगितलं की हा हल्ली घरी येतो तो डुकराचा वास घेऊन आणि गालात हसत. मी शांतपणे खुलासा केला की माझ्या लेखी कोणत्याही प्राण्याला नाव नाही. उकडलेलं अंडं आणि ईस्टरला खातात ती किसलेली तिखट मुळी खाल्ली. मुळीने डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी माझ्या हातात रुमाल दिला आणि हॅमची थाळी नजरेआड सरकवली.

गैरसमज. मुळी खरंच तिखट होती.

२ मे
दुसरे एक्स-रे. भूल दिल्यावर सहा नंबर जरा अवघडून पडली होती. कुशीला टॉवेलची घडी लावली. छान सरळ झाली. कोन तीन अंश! बाकीच्या चार स्क्रूवाल्यांचे कणे चांगलेच वाकलेत. म्हणजे स्क्रूमुळे वाढ थांबेलच असं नाही. निदान सर्वांची नाही.

हा पक्षपात आहे का, असं स्वतःला विचारलं. नाही. प्राण्यांना त्रास देऊ नये असा कायदाच आहे. बाकीच्यांना टॉवेल का नाही? ती अवघडलेली दिसली नाहीत.

१६ मे
आता टॉवेलच्या दोन घड्या. पिल्लं झपाट्याने वाढतायत, टॉवेलही वाढणारच. कोन चार अंश.

लोरांत म्हणतो, ती चालताना गोल फिरते. मी म्हटलं, जिज्ञासू आहे.

३० मे
अहवाल दिला. निष्कर्ष: काही पिल्लांत स्क्रू असूनही वाढ सुरळीत, तेव्हा लहान वयातही स्क्रू लावायला हरकत नसावी. 'नसावी' मुद्दाम घातलं. सावधपणा.

प्रोफेसरबाईंनी वाचून एवढंच विचारलं, पुढचा एक्स-रे मी काढू का? म्हटलं, अवश्य. टॉवेल दुसऱ्या खणात आहे.

त्यांनी विचारलं, कसला टॉवेल?

२ जून
विना टॉवेल: सव्वीस अंश. डावीकडचं हाड वाढलेलंच नाही.

बाईंनी पडद्यावरच्या कण्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "साबोल्च, हिचा कणा केळ्यासारखा वाकलाय. आणि तुम्ही मला लिहून देताय, मुलांना लावा म्हणून."

मुलं माझ्या डोक्यातच आली नव्हती. तीन महिने स्वतःवर नजर ठेवून होतो, आणि एकदाही आली नाहीत. अहवाल मागे घेतला.

५ जून
आज बैठक. सहा नंबरचा निकाल काय लागणार हे उघड होतं. सकाळी एमेशेला म्हटलं, मी अगदी व्यावसायिक राहणार आहे. तिने माझ्या खिशात दोन रुमाल ठेवले.

पण बाईंनी वेगळंच ठरवलं. नियमाप्रमाणे बाकीची चार जातील. सहा नंबर सगळ्यात जास्त वाकली, म्हणून तिचे स्क्रू काढायचे आणि हाड पुन्हा वाढायला लागतं का ते हिवाळ्यापर्यंत बघायचं. मी रुमाल काढला. आनंद लपवायला.

बाहेर आल्यावर लोरांत म्हणाला, "हे मे महिन्यातच कळलं असतं तर तेव्हाच काढले असते रे. या वयात महिना म्हणजे केवढा."

मी म्हटलं, हो.

१९ जून
स्क्रू निघून आठवडा झाला. मोजमापं आता लोरांतकडे. माझ्याकडे कुरणाच्या फाटकाची किल्ली.

संध्याकाळी सफरचंद घेऊन कुंपणाशी उभा राहिलो. तिने मान वर केली आणि निघाली. वाकड्या पाठीमुळे तिचं चालणं कमानीसारखं. अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या दिशेने आली आणि वळत वळत, लोरांत खाद्याची बादली घेऊन उभा होता तिथे जाऊन थांबली.

माझ्या मते ती माझ्याकडेच येत होती, कण्यामुळे वळली. लोरांतच्या मते पहिल्यापासून बादलीकडेच.

मोजायचं काम आता त्याच्याकडे आहे.