टोरंटोचं सोयर

धार, २९ ऑगस्ट २०२५

फोनवर निकाल दिलात आणि मी हूं म्हणायच्या आत फोन ठेवलात. म्हणून लिहिते. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही.

चि. दत्तोपंत भावजींस सगुणाबाईचे आशीर्वाद. काल माझ्या नातवाला, अजेयला, टोरंटोत मुलगी झाली, मी पणजी झाले. मायलेकी खुशाल. तुम्ही म्हणता दहा दिवस सोयर, परवा महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत. एकसष्ट वर्षं बसवते आहे. पुढच्या साली मी असेन की नाही, ते सांगितलंय का कोणी? तुमचा गणपती आदल्या दिवशी बसला, म्हणून तुम्ही सुटलात.

पण दोन वर्षांमागं तुमच्या नातवाला, मयुरेशला, सिडनीत मुलगा झाला तेव्हा तुम्ही खुशाल घट बसवलेत. समुद्रापलीकडचं सोयर इकडं पोचत नाही म्हणालात. माझ्या नातीनं, ईशानीनं, मोबाइलवर पाहिलं. इंदूरहून सिडनी दहा हजार किलोमीटर, टोरंटो बारा हजार. आता बोला.

फत्तेसिंग भियाच्या बसबरोबर पाठवते. माझ्या जावेला, भवानीबाईला, मोठ्यानं वाचायला द्या. लोभ असेल तर ठीक, नसेल तरी उत्तर हवं.

सगुणाबाई


देवास, ३० ऑगस्ट

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र भवानीबाईनं वाचलं आणि नको तिथं हसली.

चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी, वहिनी. किलोमीटरवर जाऊ नका. वाडवडील अंतर मोजत ते प्रवासाला लागणाऱ्या वेळानं. मयुरेशला सिडनीहून यायला दोनदा विमान बदलून बत्तीस तास लागले. अजेय गेल्या साली टोरंटोहून बावीस तासांत धारच्या ओट्यावर हजर. म्हणजे सिडनी लांब, टोरंटो जवळ. जवळचं सोयर लागतं. मुखवटे पेटीतच असू द्यावेत. माया आहेच, रागानं कमी करू नये.

आपला दत्तोपंत


धार, ३१ ऑगस्ट

मी दुसरीत शाळा सोडली, तरी गणित कळलं. किलोमीटर नाही, यायला लागलेला वेळ धरायचा. बरं.

फत्तेसिंग भिया देवासहून अडीच तासांत येतो. तुम्ही अजेयच्या लग्नातून जाताना पुढच्या आठवड्यात येतो म्हणालात, त्याला तीन वर्षं झाली. म्हणजे टोरंटो बावीस तासांवर, देवास तीन वर्षांवर आणि अजून पोचायचंय. एवढ्या लांबून निघालेला तुमचा निकाल मला लागत नाही, तुमच्याच नियमानं.

राहिलं सोयर. ती पोर मला अजून मोबाइलच्या काचेतच दिसते. हाताला लागेल त्या दिवसापासून दहा काय, वीस दिवस पाळीन.

तर महालक्ष्म्या सकाळीच बसल्या. हे घाबरून तुमच्या बाजूनं बोलत होते, त्यांना केळीचे खांब आणायला पिटाळलं.

उद्या सोळा भाज्या आहेत. भावजी, उत्तर तुम्ही लिहायचं नाही. भवानीबाईनं द्यायचं, तेही इथं पाटावर बसून, तोंडी. तुम्हाला बरोबर आणायचं की नाही, ते तिनं ठरवावं.