थांब म्हणणारी ओळ

प्रिय मृणाल,

व्हिडिओ कॉल सोडून आई कागद-पेन घेऊन का बसली, असं वाटेल तुला. ते सांगतेच. आधी एवढं ऐक, की दिवाळीला येत नाहीस म्हणालीस ते मला मान्य नाही. आणि दिवाळीपर्यंत थांबूही नकोस.

तुझ्या बाबांची तर कमालच झाली आहे. तू तुझ्या प्रबंधातलं आरएनए म्हटलंस की ज्यांचा डोळा लागायचा, ते आता आपल्या रुआबांधा वसाहतीत भेटेल त्याला, किडनीच्या कॅन्सरमध्ये आरएनएची कापाकापी कशी चुकते, ते समजावतात. मंडळाच्या गणपतीत आरती संपली, आणि प्रसादाआधीच यांचं व्याख्यान सुरू! पेशीतला मूळ नकाशा ड्रॉइंग ऑफिसात कुलपात असतो म्हणे, खाली कारखान्याच्या शॉपमध्ये येते ती नक्कल. तिच्यातला फालतू मजकूर छाटायचा, कामाचे तुकडे जोडायचे, मग माल निघतो. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये जन्म गेलेली मंडळी माना डोलवत होती. प्रसाद वाटणाऱ्या सिंधुताईच तेवढ्या म्हणाल्या, "साहेब, शिरा थंडा होऊन राहिला ना!"

मग घरात प्रयोग. माझी पुडाच्या वडीची कृती त्यांनी उतरवून घेतली, कात्रीने कापली, हवे ते तुकडे डिंकाने जोडले आणि चंदाच्या हाती दिली. नुकतीच वाचायला शिकलेली आपली स्वयंपाकाची चंदा, कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. "ताटभर झाल्या की थांब" ही शेवटची ओळ यांनी मुद्दाम उडवली होती. गाठीतल्या पेशींत कधी कधी आरएनएचं शेपूट आखूड कापलं जातं, लगाम सुटतो आणि नको तेवढा माल निघत राहतो, हे त्यांना मला दाखवायचं होतं. मी पद्मनाभपूरला मावशीकडे गेले होते. परतले तर कुकरमध्ये वड्या, डब्यांत वड्या, तुझ्या जुन्या टिफिनमध्येसुद्धा वड्या! मी ओरडले, तर चंदा म्हणते, "बाई, थांब म्हून लिवलंच नाही, मी कावून थांबू?" बाबांनी टाळ्या वाजवल्या.

मी पोट धरून हसले. हसू ओसरलं तेव्हा ते पंख्याखाली बसून हळूच म्हणाले, "वसुंधरा, गेलेली ओळ परत चिकटवता येते का, ते पोरीला विचारलं पाहिजे."

गेल्या रविवारी त्यांनी तुला शेजारच्या नागसेनभाऊंच्या किडनीतल्या गाठीबद्दल खोदखोदून विचारलं ना? नागसेनभाऊ ठणठणीत आहेत. आज सकाळीच जामुलच्या बाजारातून सायकलवर भोपळा घेऊन आले. गाठ बाबांच्या डाव्या किडनीत आहे, मृणाल. लहान आहे, वेळेत सापडली असं डॉक्टर म्हणतात. दसऱ्याआधी ऑपरेशन आहे. तुझा प्रबंध अडेल म्हणून तुला सांगायची मला बंदी आहे, आणि फोनवर ते मला खेटूनच बसतात. तर तू ये. रडू नकोस, मी कळवलं म्हणूही नकोस. नागसेनभाऊंचं पुढे कसं होईल, एवढंच बाबांजवळ बसून नीट समजावून सांग. दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई