चार तासांत मोटार

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून धारूरचं कामगार प्रशिक्षण केंद्र. मोटार रिवायंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेचे फेरे पुन्हा भरणं. तीन आठवडे, फुकट. शेवटी परीक्षा. पास होणाऱ्यांतून साखर कारखान्याचे साहेब चार जण घेणार. बाकीच्या तीन जागा कोणाला जातात, एवढंच बघायचं.

माझं मोटारी भरायचं दुकान बंद होऊन आठ महिने झाले. कारण नोंदवून ठेवतो: लोकांना घाई. माझ्याकडं मोटार भरायला नऊ दिवस लागत, पण एक फेरा कमी-जास्त निघाला असेल तर दाखवा.

मेहुणा अंगद म्हणतो, दाजी, नौकरी न्हाई लागली तर आमच्या शेळ्यांमागं या. बायको, सत्यभामा, हसली नाही. म्हणाली, ह्या बारीला न्हाई झालं तर जायाचंच. हसायला हवी होती.

५ ऑगस्ट
शिकवायला योगिता मॅडम, वय सव्वीस. मला उस्ताद म्हणून बोलावलंय अशी माझी माहिती होती. हजेरीत नाव चौदावं. असो, आत बसून निरीक्षण चांगलं होतं.

शेजारी कूलरवाला सत्तार. म्हणाला, उस्ताद, तुमी हितं कावून? म्हटलं, मार्गदर्शनाला. म्हणाला, मग डबा कावून आणला?

फळ्यावरच्या मोटारीच्या आकृतीत तिसऱ्या खाचेची रेघ वाकडी. निदर्शनास आणलं. मॅडम थँक्यू म्हणाल्या.

१२ ऑगस्ट
आजपर्यंत ३१ चुका निदर्शनास आणल्या. थँक्यू बंद झालं. आदर वाढला की माणसं कमी बोलतात.

सरावाची मोटार सगळ्यांनी भरली. माझी अर्धी. मॅडम म्हणाल्या, काका, सगळ्या बॅचमध्ये साफ हात तुमचाच. पुढं भरलेलं पुन्हा न उकलण्याबद्दल काहीतरी बोलल्या. पहिला भाग महत्त्वाचा.

१८ ऑगस्ट
संकल्प. परीक्षेत फेरे एकदाच मोजायचे. दुसऱ्याच्या मोटारीत डोकावायचं नाही.

दुपारी २. सत्तारच्या कॉईलमध्ये दोन फेरे जादा. सांगितलं. म्हणाला, फिरती हाय ना? फिरणं हा काय पुरावा झाला?

२५ ऑगस्ट. सकाळी ९
आज परीक्षा. सत्यभामानं न सांगता शर्टाला इस्त्री केली. बाहीसुद्धा. कॉलरवर एक सुरकुती होती, बोललो नाही.

सायंकाळी ५.३०
वेळ अकरा ते तीन. दोन वीसला माझी मोटार पूर्ण. फक्त वार्निश बाकी. चाळीस मिनिटं हातात. बाकीचे बाहेर चहाला गेले.

मला शंका आली. सहाव्या कॉईलला एकसष्ट फेरे की बासष्ट? शंकेची मोटार मी आजवर कोणाला दिलेली नाही. सहावी उकलली. सहावीपर्यंत पोचायला सातवी आणि आठवी उकलाव्या लागतातच. मोजले. बासष्ट! बरोबरच होते. बरोबर असल्याचं समाधान काही वेगळंच.

तीन वाजले. मॅडम म्हणाल्या, काका, हे काय? टेबलावर तारेचा ढीग होता. म्हटलं, बरोबर निघाली. कारखान्याचे साहेब ढिगाकडं बघून पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं सत्तारची मोटार फिरली. हिच्यातही दोन फेरे जादा असणारच.

घरी सत्यभामाला सांगितलं, बासष्टच होते. ती म्हणाली, मला ठावं हुतं. मग माळ्यावरून पिशवी काढली आणि माझे दोन जुने शर्ट त्यात भरले. इस्त्रीचा शर्ट पेटीत ठेवून दिला.

२८ ऑगस्ट
सत्तार कारखान्याचं ओळखपत्र दाखवायला आला. फोटो तिरका चिकटवलाय. म्हणाला, उस्ताद, कसम से, त्या टायमाला आमच्यासंगं चा प्यायला आले असते तर तुमचा पयला नंबर होता. मी म्हटलं, मला चहा मानवत नाही. सत्यभामा उठून आत गेली.

मॅडमचा फोन. परीक्षा पुन्हा देता येते, सहा महिन्यांनी. फक्त तोवर घाई करायची सवय लावा, काका. चांगल्या शिक्षिका आहेत, वय लहान.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.१५. डोंगर
अंगदनं त्रेचाळीस शेळ्या सोपवल्या. जबाबदारी मोठी. इतका काटेकोर माणूस त्याला मिळत नव्हता. चरायची जागा, पाणी, सावली, परतीची वेळ, सगळं कागदावर आखून नेलं होतं. वाचून दाखवायला लागलो तर म्हणाला, दाजी, कागद खिशात ठिवा. वाट त्यास्नी ठावं हाय. तुमी फकस्त मागं ऱ्हावा.

एक काळी म्हातारी शेळी थांबली. मला खालून वर बघितलं. मग निघाली. बाकीच्या तिच्यामागं. मी चव्वेचाळिसावा.